प्रत, ठसा आणि अंक : मर्यादित आवृत्तीतील मुद्राचित्राचे वाचन

१

मराठीत ‘प्रत’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एका पोथीवरून उतरून घेतलेली दुसरी पोथी ही तिची प्रत होय. आणि तांदळाचा, कापडाचा किंवा लाकडाचा कस सांगताना ‘उत्तम प्रतीचा’, ‘हलक्या प्रतीचा’ असे म्हटले जाते तीही प्रतच. पहिल्या अर्थाची प्रत मोजता येते, दुसऱ्या अर्थाची पारखावी लागते. रोजच्या व्यवहारात हे दोन अर्थ सहसा एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. वाण्याच्या दुकानी कोणी तांदळाच्या प्रती मोजीत नाही आणि छापखान्यात पुस्तकाच्या पाचशे प्रती काढल्या तर त्यांतील शंभरावी दुसरीहून हलकी निघेल अशी कोणाची अपेक्षा नसते.

मुद्राचित्र या कलाप्रकारात मात्र या दोन अर्थांची गाठ पडते. तांब्याच्या पत्र्यावर, लाकडी ठोकळ्यावर किंवा दगडावर कलावंत आपले चित्र सिद्ध करतो, त्यावर शाई देतो आणि कागदावर त्याचे ठसे उमटवितो. ठसे अनेक निघतात आणि त्यांतील प्रत्येक ठसा मूळ कलाकृतीच मानला जातो. येथे ‘अस्सल’ आणि ‘नक्कल’ हा नेहमीचा भेद लागू पडत नाही, कारण ज्याची नक्कल केली असे म्हणावे तो पत्रा स्वतः चित्र नसतो. त्यावरील प्रतिमा उलटी असते आणि ती पाहण्यासाठी नव्हे, तर छापण्यासाठी कोरलेली असते. अशा ठशाच्या खालच्या समासात आज बहुधा शिसपेन्सिलीने लिहिलेला एक अंक आढळतो, उदाहरणार्थ १२/५०. आवृत्ती पन्नास ठशांची असून हातातील ठशाला बारावा क्रमांक दिला आहे, एवढेच त्याचे म्हणणे.

हा अंक मोजण्याच्या प्रतीविषयी बोलतो. परंतु तो पारखण्याच्या प्रतीविषयीच बोलत आहे अशी समजूत संग्राहकांमध्ये आणि पुष्कळदा टीकाकारांमध्येही रूढ झाली आहे. संख्या अल्प म्हणून वस्तू मोलाची, आणि वस्तू मोलाची म्हणून तिचा अर्थ गहन, अशी ही अनुमानाची साखळी आहे. तिची पहिली कडी बाजाराची आहे. दुसरी कडी समीक्षेच्या क्षेत्रात मोडते आणि ती तपासून पाहणे अगत्याचे आहे. मुद्राचित्राचा अर्थ अंकात शोधावयाचा की ठशात, हा प्रश्न केवळ पारिभाषिक नाही. एखाद्या कृतीचा शेवट कोणता हेदेखील त्याच्या उत्तरावर अवलंबून राहू शकते, हे पुढे गोया या चित्रकाराच्या उदाहरणावरून दिसून येईल.

२

मुद्राचित्रांची आवृत्ती मर्यादित असणे ही मूळची कलावंताची इच्छा नव्हे, तो धातूचा धर्म होता. ड्रायपॉइंट या पद्धतीत पोलादी सुईने सरळ तांब्यावर ओरखडा काढला जातो. नांगराच्या तासाकडेला माती उठावी तशी त्या ओरखड्याच्या कडेला तांब्याची बारीक किनार उठते. शाई या किनारीत अडकते आणि ठशातील रेषेला मखमलीसारखा मऊ काळोख प्राप्त होतो. परंतु छापयंत्राच्या दाबाखाली ही किनार लौकरच चेपते. काही थोडे ठसे निघाले की तिचा ऐन भर ओसरतो आणि पुढील ठशांत रेषा उरते, काळोख उरत नाही. आम्लाने कोरलेल्या रेषा अधिक टिकतात, परंतु त्याही झिजतात. या अवस्थेत पहिल्या काही ठशांपैकी एक मिळविणे याला केवळ हौसेचा अर्थ नव्हता. अल्प संख्या आणि उत्तम कस यांचा तेथे कार्यकारणसंबंध होता. ‘प्रत’ या शब्दाचे दोन्ही अर्थ पत्र्याच्या झिजेत एकत्र आलेले होते.

हा संबंध एकोणिसाव्या शतकात तुटला. १८२० नंतरच्या दशकात कोरीव चित्रांसाठी तांब्याऐवजी पोलादी पत्रे वापरात आले. १७९६च्या सुमारास आलोइस झेनेफेल्डर याने शोधलेल्या शिळामुद्रणाने झिजेचा प्रश्न बराच मागे टाकला होताच. पुढे १८५७-५८च्या सुमारास तांब्याच्या कोरीव पत्र्यावर विजेच्या साहाय्याने लोखंडाचा अतिशय पातळ थर चढविण्याची युक्ती प्रचारात आली आणि नाजूक पत्र्यावरूनही मोठ्या संख्येने ठसे काढणे शक्य झाले. धातूने घातलेली मर्यादा अशा रीतीने दूर झाली. आणि नेमक्या याच काळात माणसाने घातलेली मर्यादा अवतरली, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. लंडनमध्ये १८४७ साली मुद्राचित्र विक्रेत्यांनी आपला एक संघ स्थापन केला. प्रारंभीच्या खास ठशांची संख्या जाहीर करावी आणि त्यांवर संघाचा शिक्का उठवावा अशी त्याची पद्धत होती. शतकाच्या उत्तरार्धात ठशांची संख्या आधीच ठरवून देण्याची, ठशावर कलावंताने सही करण्याची आणि आवृत्ती पुरी झाल्यावर पत्र्यावर आडव्या रेघा मारून तो बाद करण्याची चाल पडत गेली. समासात अपूर्णांकाच्या रूपाने अंक लिहिण्याची सार्वत्रिक प्रथा तर विसाव्या शतकातील आहे.

या संक्रमणकाळाचे एक बोलके उदाहरण म्हणजे व्हिस्लर याची व्हेनिसची चित्रे. दिवाळे निघालेल्या या चित्रकाराला लंडनच्या फाइन आर्ट सोसायटीने १८७९ साली बारा एचिंगचे काम दिले आणि तो संच १८८० साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक चित्राचे शंभर ठसे काढावयाचे ठरले होते. संख्या ठरलेली, पत्रा तोच, कलावंतही तोच. परंतु त्या संचातील ‘नॉक्टर्न’ या चित्राचे निरनिराळे ठसे जवळजवळ ठेवून पाहिले तर संख्येचे साम्य किती वरवरचे आहे हे तत्काळ कळते. व्हिस्लर पत्र्यावरील शाई पूर्णपणे पुसून काढीत नसे. कोठे बोटांनी, कोठे फडक्याने तिचा पातळ पदर मागे ठेवीत असे. एका ठशात पाण्यावर संधिप्रकाश रेंगाळतो, दुसऱ्यात रात्र पडलेली असते. रेषा दोन्हींत त्याच आहेत. शंभराच्या आवृत्तीतील हे ठसे एकाच वाक्याची पुनरावृत्ती नव्हेत. ते एकाच वाक्याचे वेगवेगळ्या सुरांत केलेले उच्चार आहेत. आणि सुराने अर्थ बदलतो, हे भाषेच्या अभ्यासकाला निराळे सांगावयास नको.

३

समासातील अंक हे भाषिक विधान आहे असे धरून त्याचे पृथक्करण केले तर त्याची दोन अंगे वेगळी करावी लागतात. रेघेवरचा अंक वर्णनात्मक वाटतो. बारावा म्हणजे यंत्रातून बारावा निघालेला, असे वाचणारा सहज धरून चालतो. वस्तुतः तसे बहुधा नसते. ठसे वाळत घालताना, दाबून सपाट करताना आणि सहीसाठी रचताना त्यांचा मूळ क्रम मोडतो. कलावंत ज्या क्रमाने ते हाती घेतो त्या क्रमाने अंक पडतात. म्हणून आवृत्तीतील ‘१’ हा पहिला ठसा असेलच असे नाही आणि तो सर्वांत ताजा असेल असेही नाही. रंगांचे अनेक ठोकळे एकावर एक छापून सिद्ध होणाऱ्या चित्रात तर ‘पहिला’ या शब्दालाच निश्चित अर्थ राहत नाही.

रेघेखालचा अंक निराळ्या जातीचा आहे. ‘पन्नास’ हे भूतकाळाचे वर्णन नसून भविष्याविषयीचे वचन आहे. याहून अधिक ठसे काढले जाणार नाहीत, असे ते सांगते. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांच्या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांनी भाषाभ्यासात एक भेद रुजविला आहे : काही उक्ती वस्तुस्थिती सांगतात, तर काही उक्ती उच्चारणे हेच एक कृत्य असते. वचन देणे, नाव ठेवणे, पैज लावणे ही दुसऱ्या वर्गातील कृत्ये होत. अशी उक्ती खरी की खोटी हे विचारण्यापेक्षा ती पाळली गेली की मोडली गेली हे विचारावे लागते. रेघेखालचा अंक या वर्गात बसतो. तो पाळला गेल्याची साक्ष कागदावर सापडत नाही. रेघा मारून बाद केलेल्या पत्र्यात ती असते. संग्राहकाच्या हाती मात्र पत्रा नसतो, केवळ कागद असतो. म्हणजे ज्या वचनावर तो विसंबतो त्याचा पुरावा त्याच्या संग्रहाबाहेर असतो.

शिवाय हे वचनही सर्वसमावेशक नसते. आवृत्तीखेरीज कलावंतासाठी राखलेले ठसे, विक्रीबाहेर ठेवलेले ठसे, छापणाऱ्याला नमुना म्हणून संमत केलेला ठसा असे आणखी काही ठसे निघतात व त्यांवर निराळी अक्षरे घातली जातात. पन्नासाच्या आवृत्तीचे अस्तित्वात असलेले ठसे पन्नासाहून अधिक असणे हे त्यामुळे लबाडीचे लक्षण नसून तो रिवाजच आहे. ‘पन्नास’ या संख्यावाचकाचा अर्थ अंकगणिताने नव्हे, तर रूढीने ठरतो.

सहीची गोष्टही याहून फार वेगळी नाही. पिकासो याने १९३० ते १९३७ या काळात कोरलेल्या शंभर चित्रांचा संच प्रकाशक आंब्रुआज व्होलार याच्या नावाने ओळखला जातो. रोजे लाकूरिएर याच्या छापखान्यात त्याचे ठसे निघाले : लहान कागदावर २६०, मोठ्या कागदावर ५० आणि चर्मपत्रावर ३. परंतु १९३९ साली व्होलार मोटार अपघातात मरण पावला आणि बहुतेक ठसे सहीवाचून राहिले. ते ज्या विक्रेत्याकडे गेले त्याने पुढील अनेक वर्षांत त्यांतील काहींवर पिकासोच्या सह्या घेतल्या. सहीचा ठसा आणि बिनसहीचा ठसा एकाच यंत्रातून, एकाच हाताखालून, एकाच काळी निघालेले आहेत. चित्र म्हणून त्यांत भेद नाही. किमतीत मात्र मोठा भेद पडतो. याच्या उलट टोकाला साल्वादोर दाली याचे प्रकरण आहे. त्याने कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवल्या होत्या. असे सही केलेले कोरे कागद १९७४ साली फ्रान्सच्या सीमेवर अडविण्यात आले तेव्हा या व्यवहाराचा मोठा बभ्रा झाला. तेथे सही आधी आणि चित्र मागाहून, असा क्रम होऊन बसला. अशा व्यवहारांमुळे वचनाला कायद्याचा टेकू देणे भाग पडले; कॅलिफोर्निया राज्याने १९७० साली केलेल्या कायद्याने मुद्राचित्र विकताना आवृत्तीविषयीची माहिती लेखी देणे विक्रेत्यावर बंधनकारक केले. ज्या वचनाला कायद्याचा आधार लागतो ते सौंदर्याचे गमक म्हणून किती पुरे पडेल याचा विचार अभ्यासकाने करावयास हवा.

४

अंकाकडून ठशाकडे वळले की मुद्राचित्राचे खरे वाचन सुरू होते, आणि त्या वाचनाची पद्धत मराठी व संस्कृत ग्रंथांच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेली आणि १९६६ साली पूर्णत्वास नेलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हा या पद्धतीचा आदर्श होय. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी घालून दिलेल्या शिस्तीनुसार हस्तलिखिते केवळ मोजली गेली नाहीत; त्यांची कुळे लावण्यात आली, पाठभेद नोंदले गेले आणि एखादा पाठ किती पोथ्यांत आढळतो यापेक्षा तो कोणत्या कुळातील पोथ्यांत आढळतो याला महत्त्व देण्यात आले. पोथ्यांची नुसती संख्या हे प्रमाण नव्हे, हा त्या शिस्तीचा पहिला धडा आहे.

मुद्राचित्रांच्या अभ्यासात पाठभेदाची जागा ‘अवस्था’ ही संज्ञा घेते. पत्र्यावर काही नवे कोरले गेले किंवा जुने खरवडून काढले गेले म्हणजे पुढील ठसे नव्या अवस्थेतील ठरतात. व्हिएन्ना येथील राजकीय ग्रंथालयात मुद्राचित्रांचा संग्रह सांभाळणाऱ्या आडाम बार्च याने १८०३ ते १८२१ या काळात एकवीस खंडांत जी सूची प्रसिद्ध केली तिच्यामुळे अशा वर्णनाला शास्त्रीय शिस्त आली. तथापि पोथी आणि मुद्राचित्र यांत एक मूलगामी फरक आहे. पोथीतील पाठभेद बहुधा लेखनिकांचे असतात आणि संपादक त्यांच्या मागे जाऊन जुन्यात जुन्या पाठापर्यंत पोहोचू पाहतो. मुद्राचित्रात पुष्कळदा कर्ताच स्वतःचा पाठ बदलतो आणि दोन्ही पाठ मागे ठेवतो.

रेम्ब्रांट याचे ‘तीन क्रूस’ हे चित्र येथे निर्णायक ठरते. तिसऱ्या अवस्थेत त्यावर त्याची सही आणि १६५३ हे साल आहे. सही व साल घातले म्हणजे कृती संपली असे कोणीही म्हणेल. परंतु पुढे रेम्ब्रांटने तोच पत्रा पुन्हा हाती घेतला, पूर्वीच्या कित्येक आकृती पुसून काढल्या, एका बाजूस नवा घोडेस्वार आणला आणि वरपासून खालपर्यंत काळोखाच्या सरी ओढल्या. आधीच्या अवस्थांत क्रुसाभोवतीची गर्दी वेगवेगळ्या माणसांची आहे. कोणी कोसळले आहेत, कोणी पळत आहेत, कोणी पाहत आहेत. चौथ्या अवस्थेत ही माणसे अंधारात बुडतात आणि घटनेचा साक्षीदार जवळजवळ उरतच नाही. या चित्राचा अर्थ सांगू पाहणाऱ्या टीकाकाराने कोणती अवस्था आपल्यासमोर आहे हे आधी सांगितले पाहिजे. तसे न सांगता केलेले विवेचन कोणत्या पोथीवरून हे न सांगता दिलेल्या अवतरणासारखे आहे.

रेम्ब्रांटच्या दुसऱ्या एका पत्र्याची कथा संख्येचा भ्रम अधिक स्पष्ट करते. एका ठशाला शंभर गिल्डर किंमत आली या आख्यायिकेवरून ज्याला ‘शंभर गिल्डरचे चित्र’ असे नाव पडले, ते सुमारे १६४८ सालचे एचिंग. त्याचा झिजलेला पत्रा पुढे कॅप्टन विल्यम बेली याच्या हाती आला. १७७५च्या सुमारास त्याने तो पुन्हा कोरून दुरुस्त केला, सुमारे शंभर ठसे काढले आणि मग पत्रा कापून त्याचे चार तुकडे केले. आजच्या व्याख्येने पाहिले तर ही अगदी निर्दोष मर्यादित आवृत्ती होय : संख्या ठरावीक, पत्रा कायमचा बाद. परंतु तिच्यातील रेषा रेम्ब्रांटच्या राहिलेल्या नाहीत. ज्या आवृत्तीचे वचन पूर्णपणे पाळले गेले तिच्यातच पाठ सर्वाधिक भ्रष्ट आहे.

याउलट, जेथे अंक मुळीच नाही तेथेही क्रम वाचता येतो. होकुसाई याच्या सुमारे १८३१ सालच्या ‘महालाट’ या काष्ठमुद्रेचे ठसे जपानमध्ये स्वस्तात, मोठ्या संख्येने विकले गेले. त्यांच्यावर क्रमांक नाही. तरीही जगभर विखुरलेल्या शंभराहून अधिक ठशांची तुलना करून, शीर्षकाच्या चौकटीतील रेषांत पडत गेलेल्या खंडांवरून आणि ठोकळ्याच्या इतर झिजेवरून कोणता ठसा आधीचा आणि कोणता नंतरचा हे अभ्यासकांना लावता आले आहे. अंक जे सांगण्याचा आव आणतो ते येथे लाकडाने सांगितले आहे.

५

या सर्व विवेचनाचे महत्त्व गोया याच्या युद्धचित्रांत सर्वाधिक जाणवते. नेपोलियनच्या सैन्याने स्पेन व्यापले तेव्हा १८०८ ते १८१४ या काळात जे युद्ध झाले त्याविषयीची ही चित्रे गोयाने १८१० पासून सुमारे दहा वर्षांच्या अवधीत कोरली. युद्धकाळात तांबे दुर्मीळ होते. आपल्या निसर्गचित्रांचे दोन मोठे पत्रे कापून त्यांच्या पाठीवर त्याने यांतील चार चित्रे कोरली. येथे दुर्मीळता ही बाजाराची योजना नव्हती, ती चित्रविषयाचाच भाग होती. गोयाच्या हयातीत या चित्रांची आवृत्ती निघाली नाही. १८२८ साली तो मरण पावला आणि पुढे १८६२ साली माद्रिदच्या सान फेर्नांदो अकादमीने पत्रे मिळवून १८६३ साली ऐंशी चित्रांचा संच पाचशे प्रतींच्या आवृत्तीत प्रसिद्ध केला. ‘युद्धाचे अनर्थ’ हे आज सर्वपरिचित असलेले नाव अकादमीने दिलेले आहे. त्यानंतर १९३७ पर्यंत आणखी सहा आवृत्त्या निघाल्या.

गोयाने स्वतः काढविलेल्या चाचणी-ठशांचा एक संच मात्र त्याने आपला मित्र, कलेतिहासकार सेआन बेर्मूदेस याला दिला होता. तो आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्याचे शीर्षक निराळे आहे : बोनापार्टशी स्पेनमध्ये झालेल्या रक्तपाती युद्धाचे घातक परिणाम आणि इतर कल्पनाचित्रे, असा त्याचा आशय आहे. चित्रांखालील मथळे हाताने लिहिलेले आहेत. अकादमीने ते किरकोळ दुरुस्त्या करून पत्र्यावर कोरून घेतले. चव्वेचाळिसाव्या चित्राचा मथळा ‘मी हे पाहिले’ असा आहे. हस्ताक्षरात असताना या वाक्यातील ‘मी’ लिहिणाऱ्याकडे सरळ बोट दाखवितो. कोरीव अक्षरात, कर्त्याच्या मृत्यूनंतर पस्तीस वर्षांनी, तोच ‘मी’ एका संस्थेच्या हातून उच्चारला जातो. क्रियापद प्रथमपुरुषी राहते, परंतु पुरुष बदललेला असतो. छपाईतही फरक पडला. चाचणी-ठशांत पत्रा स्वच्छ पुसलेला असल्याने कागदाचा पांढरेपणा कठोर राहतो. अकादमीच्या मुद्रकांनी त्या काळच्या अभिरुचीस अनुसरून शाईचा पातळ पदर मागे ठेवला, आणि उघड्यावर घडलेल्या कृत्यांवर एक प्रकारची मवाळ छाया पसरली.

परंतु सर्वांत महत्त्वाचा भेद शेवटाचा आहे. मालिकेच्या अखेरच्या भागात गोया रूपकाचा आश्रय घेतो. एकोणऐंशीव्या चित्रात सत्य स्त्रीरूपाने मरून पडले आहे आणि धर्माधिकारी तिला पुरीत आहेत. ऐंशीव्या चित्रात त्या निपचित देहातून प्रकाश फाकत आहे आणि मथळा विचारतो, ती पुन्हा उठेल काय? १८६३च्या पाचशे प्रती येथे संपतात. ज्यांनी या प्रतींवरून मालिका वाचली त्यांच्या दृष्टीने गोयाचा शेवटचा शब्द हा एक अनुत्तरित प्रश्न आहे. सेआन बेर्मूदेसच्या संचात मात्र आणखी दोन चित्रे आहेत. एक्याऐंशीवे एका क्रूर पशूचे असून त्याच्या जबड्यात माणसांचे देह आहेत. ब्याऐंशीव्यात तीच प्रकाशमान स्त्री उभी आहे. तिच्याजवळ कुदळ घेतलेला दाढीवाला वृद्ध शेतकरी आहे, भोवती पीक आणि मेंढरू आहे, आणि मथळा म्हणतो की, खरे ते हेच. या दोन चित्रांचे पत्रे १८६२ साली अकादमीला मिळाले नव्हते; ते १८७० साली तिच्याकडे आले आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांतही ऐंशीचीच परंपरा पुढे चालू राहिली.

म्हणजे प्रश्नाला उत्तर होते. ते आशावादी आहे की उपरोधिक, शेतकऱ्याच्या श्रमात सत्य पाहणे ही श्रद्धा आहे की थकलेल्या माणसाची सांत्वना, याविषयी मतभेद संभवतात आणि त्यांना समीक्षेत जागा आहे. परंतु उत्तर नाहीच, असे म्हणण्याला जागा नाही. केवळ पाचशेच्या आवृत्तीवर विसंबून ‘गोया शेवटी प्रश्नचिन्हापाशी थांबतो’ असा निष्कर्ष काढणारा टीकाकार गोयाचे नव्हे, तर अकादमीच्या हाती पडलेल्या पत्र्यांचे वाचन करीत असतो. आवृत्तीची मर्यादा येथे ठशांच्या संख्येपुरती राहिलेली नाही. ती अर्थाची मर्यादा झाली आहे. आणि ती संग्राहकाने सांभाळलेल्या एका संचामुळे उघड झाली, हेही तितकेच लक्षात ठेवण्याजोगे आहे.

६

यावर असा आक्षेप घेता येईल की, अंकाची प्रथा एवढी निरर्थक असती तर कलावंतांनी ती स्वीकारली नसती. या आक्षेपात तथ्य आहे. अंकामुळे कलावंताच्या हाती आपल्या कृतीच्या प्रसाराचे नियंत्रण येते. झिजलेल्या पत्र्यावरून त्याच्या पश्चात कोणी ठसे काढू नयेत याची तजवीज होते. आणि एका तैलचित्राची किंमत देऊ न शकणाऱ्या रसिकालाही मूळ कृती घेता येते. बासाँ या पॅरिसच्या विक्रेत्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस रेम्ब्रांटचे पत्रे मिळवून त्यांवरून ठसे काढले. रेम्ब्रांटने आपले पत्रे बाद केले असते तर ही वेळ आली नसती. तेव्हा अंक टाकाऊ आहे असे म्हणण्याचा हेतू नाही. तो आर्थिक आणि नैतिक विधान म्हणून ग्राह्य आहे. सौंदर्यविधान म्हणून मात्र अपुरा आहे.

महाराष्ट्रातील अभ्यासकाला हा विवेक आणखी एका कारणाने उपयोगी पडेल. येथील मुद्रित चित्रांची परंपरा मर्यादित आवृत्तीची नव्हे. १८७८ साली पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांचे सहकारी यांनी स्थापन केलेल्या चित्रशाळेने, आणि १८९४ साली मुंबईत सुरू होऊन पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे गेलेल्या रविवर्मा छापखान्याने, शक्य तितक्या घरांत चित्र पोहोचविणे हेच ध्येय मानले. त्यांच्या चित्रांवर अंक नाही. मळवलीचा छापखाना १९७२ साली आगीत सापडला, आणि मुद्रकाने कधीच न दिलेले मर्यादेचे वचन अग्नीने अमलात आणले. या चित्रांना अलीकडे संग्राहकांच्या बाजारात मागणी आली असून दुर्मीळतेची भाषा त्यांनाही लावली जाते. परंतु त्यांचा अर्थ दुर्मीळतेत नाही. देवघरातील चित्रावर उमटलेले गंधाचे बोट, देवीच्या वस्त्रावर घरच्या बायकांनी लावलेली जर आणि टिकल्या, शिळा बदलल्यामुळे रंगात पडलेला फरक, या खुणांनी एकेक प्रत इतरांहून वेगळी झाली आहे. येथे प्रत्येक ठशाची अखेरची अवस्था घराघरात सिद्ध झाली, असे म्हणता येईल.

दुसरीकडे, कृष्णा रेड्डी यांच्यासारख्या कलावंताने अंकाच्या चौकटीत राहूनच तिच्या मर्यादा दाखवून दिल्या. शांतिनिकेतनात शिकून पॅरिसच्या आतलिए १७ या कार्यशाळेत गेलेल्या रेड्डी यांनी, मुंबईत जन्मलेल्या कैको मोती यांच्या सहकार्याने, कमीअधिक दाट शाया एकाच पत्र्यावर एकत्र आणून एकाच दाबात अनेक रंग उमटविण्याची पद्धत विकसित केली. शाईची दाटी, तेलाचे प्रमाण आणि रुळाची मृदुता यांत थोडा पालट केला की ठसा पालटतो. त्यांच्या १९८१ सालच्या ‘ग्रेट क्लाऊन’ या कृतीचे अनेक वर्णभेद प्रसिद्ध आहेत. अशा आवृत्तीत ‘१२/५०’ हा अंक कोणत्या एकरूप वस्तूचा बारावा नमुना दाखवितो, याचे उत्तर देणे कठीण आहे.

७

तेव्हा संग्राहकाच्या आणि टीकाकाराच्या कामात जितके अंतर मानले जाते तितके ते नाही. संग्राहकाने ठशाच्या नोंदीत अंकाबरोबर अवस्था, कागद, कागदातील जलचिन्ह, शाईची पुसणी, समासाची रुंदी आणि पूर्वीच्या मालकांचे शिक्के यांचा निर्देश केला पाहिजे. फ्रिट्स लुख्त याने १९२१ साली संग्राहकांच्या शिक्क्यांचा कोश प्रसिद्ध केला तेव्हापासून ठशाच्या पाठीवरील खूण हेही वाचनाचे साधन झाले आहे. अशी नोंद करणारा संग्राहक धनिक हौशी न राहता संपादक होतो. टीकाकारानेही आपले विवेचन कोणत्या ठशावर आधारले आहे हे सांगावे आणि शक्य तेथे किमान दोन ठसे समोर ठेवावेत. कारण एकच ठसा पाहून पत्र्यावर काय कोरले आहे ते कळते. त्या कोरलेल्या रेषांतून कलावंताने कोणती निवड केली हे दुसरा ठसा पाहिल्यावाचून कळत नाही. मुद्राचित्राचा अर्थ अशा रीतीने एका कागदावर वसत नाही, तो ठशांमधील अंतरात वसतो.

‘प्रत’ या शब्दाचे दोन अर्थ झिजणाऱ्या तांब्याने एकेकाळी एकत्र आणले होते आणि लोखंडाच्या एका पातळ थराने ते वेगळे केले. समासातील अंक त्यांना पुन्हा जोडू शकत नाही. त्याचे अधिकारक्षेत्र मोजणीपुरते आहे. पारखण्याचे काम डोळ्यांनी, तुलनेने आणि नोंदीने करावे लागते. सेआन बेर्मूदेसच्या संचावर ‘इतक्यांपैकी इतकावा’ असे काहीही लिहिलेले नाही. त्यात दोन चित्रे अधिक आहेत, एवढेच; आणि सत्य पुन्हा उठेल काय या प्रश्नाला गोयाने काय उत्तर दिले होते, हे त्या दोन चित्रांवाचून कळले नसते.